पहाऱ्याची यादी

॥ राम कृष्ण हरी ॥



गाव करी ते राव न करी, अशी आपल्याकडे म्हण आहे. राव कोण हे सांगावे लागत नाही. ज्याच्या हाती सत्ता आणि थैली आहे तो राव. पण गाव म्हणजे कोण? तलाठ्याला विचाराल तर तो सात-बारा उघडून दाखवील. ग्रामसेवक घरपट्टीचे रजिस्टर काढील. निवडणुकीला उभा राहणारा मतदारयादी पुढे ठेवील. तिन्ही कागद खरे आहेत आणि तिन्हींत गावातलीच नावे आहेत. तरी या कागदांतून गाव उभे राहत नाही. एकाच यादीत नाव असलेली दोन घरे वर्षानुवर्षे एकमेकांचा उंबरा चढत नाहीत, हे आपण पाहतोच. मग जे काम रावाला जमत नाही ते करणारे गाव कोठे असते, आणि ते कशाने बांधले जाते, याचा आपल्या संप्रदायाच्या अंगाने थोडा विचार करावा, म्हणून हे निरूपण.

मी बिद्रीचा. कागल तालुक्यातले हे गाव कोल्हापूरहून गारगोटीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव दूरवर माहीत झाले. बिद्री म्हटले की बाहेरच्या माणसाला कारखान्याचा भोंगा आणि उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग आठवते. सहकार हा शब्द आमच्या भागाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. दूध संस्था, सेवा सोसायटी, पाणीपुरवठा संस्था आणि कारखाना, या चारही ठिकाणी शेतकरी सभासद असतो. सभासदाला मत एकच, मग त्याचा ऊस दहा टन जावो की हजार टन. सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या दारात अर्धा लिटरवाली म्हातारी आणि चार म्हशींचा धनी एकाच रांगेत किटली घेऊन उभे राहतात. हे लहान काम नाही. आणि तरीही गटातटाचे राजकारण म्हटले की लोक आमच्याच जिल्ह्याकडे बोट दाखवतात. निवडणूक झाली की दूध संस्था दोन होतात, तालमी दोन होतात, आणि कुठे कुठे पारायणेही दोन होतात. याचा अर्थ असा की संस्था काढली म्हणजे गाव जोडले गेलेच, असे होत नाही. जोडणारी वस्तू आणखी काही आहे.

ती कोणती, हे पाहण्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या पारायणाच्या मांडवात ती सात दिवस उभी असते.

पारायणाचा क्रम आपणास ठाऊक आहे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे वाचन, सायंकाळी प्रवचन आणि हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर, आणि शेवटच्या दिवशी काला. व्यासपीठ चालक, प्रवचनकार, कीर्तनकार यांची नावे पत्रिकेत मोठ्या अक्षरात छापतात. पण या सगळ्या क्रमाच्या मागे एक काम असे चाललेले असते की ज्यात एका क्षणाचाही खंड पडत नाही. ते म्हणजे वीणेचा पहारा. पहिल्या दिवशी वीणा गळ्यात घेतली की काला होईपर्यंत ती खाली ठेवायची नाही. विणेकऱ्याने बसायचे नाही, प्रपंचाचे बोलायचे नाही, मुखी नाम ठेवून उभे राहायचे. त्याची वेळ भरली की दुसरा येतो. येणारा वीणेला आणि विणेकऱ्याला नमस्कार करतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. मग सुटलेला माणूस त्याच्या पाया पडतो. सत्तर वर्षांचा म्हातारा वीस वर्षांच्या पोरापुढे वाकतो आणि पोर म्हाताऱ्यापुढे वाकते. सासरा जावयाच्या पाया पडतो, मालक गड्याच्या पडतो. जगात ज्या नमस्काराला वय, नाते आणि मान पाहावा लागतो, तो येथे फक्त पाळी पाहून होतो.

याचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. सात दिवसांचे १६८ तास होतात. दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पाळ्या. वीणेबरोबर निदान दोन टाळकरी हवेत असे मानले, तर एका पारायणाला २५२ नावे लागतात. लहान गावात दर घरातून एक माणूस निघाला तरी ही यादी कशीबशी पुरी होते. कीर्तन ऐकायला लोक येतात ते आवडीने. महाप्रसादाला येतात ते आमंत्रणाने. पण मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या पहाऱ्याला जो उठतो तो केवळ एका कारणाने उठतो. आपण गेलो नाही तर आधीचा माणूस सुटणार नाही, हे त्याला माहीत असते. आपल्यासाठी कोणीतरी उभे आहे आणि आपण कोणासाठी तरी उभे राहायचे आहे, एवढी जाणीव ज्या ठिकाणी आहे तेथे गाव आहे. माझ्या समजुतीने गाव या शब्दाची याहून सोपी व्याख्या नाही. ज्याची पाळी आहे तो गावचा.

जुन्या गावकीत ही पाळी देवळापुरती नव्हती. शेतीच तिच्यावर चालत होती. पैरा हा शब्द आज पोरांना सांगावा लागतो. माझ्या भांगलणीला तुमच्या घरचे माणूस, तुमच्या भांगलणीला माझ्या घरचे. पैशाचा व्यवहार नाही, पण पैरा फेडल्याशिवाय झोप नाही. नदीवरच्या पाण्याची पाळी असे. आपले वावर भिजले की रात्री शेजाऱ्याला हाक मारून पाट वळवून द्यायचा. मयतीला सरपण गोळा करायचे, लग्नात भाकऱ्या थापायच्या, बाळंतिणीला चार घरचे कालवण पोहोचवायचे, या सगळ्याच्या न लिहिलेल्या पाळ्या होत्या. त्या काळात सारे गोड होते असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्या पाळ्यांतून कोणाला वगळले होते, ते पुढे सांगायचेच आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावे की माणसाला माणसाची गरज रोज पडत होती, आणि त्या गरजेने भांडणारी घरेसुद्धा बांधलेली राहत.

आता बहुतेक पाळ्या पैशाने सुटतात. मजूर लावला की पैरा नको. आचारी सांगितला की भाकऱ्या थापायला बायका नकोत. मांडववाला मांडव घालतो, आणि महाप्रसादाचा सारा खर्च एखादा दाता उचलतो. त्याचा फोटो फलकावर लागतो.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, देणाऱ्याने दिले तर बिघडले काय? अन्नदान हे पुण्यच आहे. शंका योग्य आहे. अन्नदानाला कोणताही वारकरी कमी लेखणार नाही. पंढरीच्या वाटेवर ज्यांनी आपल्याला पाणी दिले, भाकरी दिली, त्यांच्या ऋणातच आपली पावले पडली आहेत. पण सप्ताहाचा शेवट महाप्रसादाने होण्याआधी काल्याने होतो, हे विसरू नये. काला म्हणजे काय? गोकुळात गाई वळायला गेलेल्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि देवाने त्या एकत्र कालवल्या. कोणाच्या शिदोरीत लोणी-पोळी असेल, कोणाची शिळी भाकर असेल. नंदाच्या घरी काय कमी होते? एकट्या नंदाने सगळ्या गोपाळांना जेवू घातले असते. पण ते जेवण झाले असते, काला झाला नसता. काल्याला प्रत्येकाची शिदोरी लागते, आणि ज्याची सगळ्यांत गरीब त्याची तर लागतेच. म्हणून दात्याला हात जोडून एवढेच म्हणावे की, देणगी आनंदाने द्या, आणि रात्रीचा एक पहाराही द्या. देणगीने तुम्ही गावावर उपकार कराल; पहाऱ्याने तुम्ही गावात याल. गरिबालाही मग वाटणार नाही की आपण फक्त जेवायला आलो.

आता गट पडतात त्याचे काय, हा दुसरा प्रश्न. आमच्या भागातल्या एका गावाची हकिकत सांगतो. नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन तट पडले आणि त्या वर्षी पारायणे दोन झाली. एक देवळात, एक शाळेपुढच्या पटांगणात. कर्ण्यांची तोंडे एकमेकांकडे. एकीकडे काकडा सुरू असताना दुसरीकडे भूपाळी लागे. महाप्रसादाला कोणाकडे किती माणूस जेवले, याच्या मोजण्या झाल्या. त्यांनी बुंदी केली म्हणून यांनी जिलेबी केली. दोन्हीकडच्या लोकांना मी भेटलो. दोन्हीकडे भजन चांगले होते, टाळकरी चांगले होते, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर कळा नव्हती.

पुढच्या वर्षी ती दोन पारायणे एक झाली. कोणा महाराजांच्या उपदेशाने नाही आणि कोणा पुढाऱ्याच्या मध्यस्थीनेही नाही. दुसऱ्या वर्षी ८४ पाळ्यांची यादी अर्ध्या गावात पुरी होईना. पहिल्या वर्षी ईर्षेच्या भरात माणसांनी दुहेरी-तिहेरी पहारे दिले होते; ती ईर्षा वर्षभर टिकली नाही. दोन ते चारच्या रकान्यात दोन्ही याद्या कोऱ्या राहिल्या. मग एके दिवशी एका बाजूचे दोन म्हातारे दुसऱ्या बाजूच्या विणेकऱ्याच्या दारात गेले आणि म्हणाले, "तुमच्यातली चार माणसं रात्रीच्या पहाऱ्याला द्या, आमच्यातली चार दिवसा घ्या." त्या चार माणसांच्या देवघेवीतून पुढे सगळे जुळले. राजकारणात ते आजही वेगळे आहेत आणि मतेही वेगळी टाकतात. पण वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तेव्हा दोघांना एकमेकांच्या पाया पडावे लागते.

यातून असे कळते की एकी व्हावी म्हणून एकीवर बोलणे फार उपयोगाचे नसते. चार-पाच तपे नारदाच्या गादीवर उभे राहून मी एकीवर पुष्कळ बोललो आहे, आणि श्रोत्यांनी माना डोलावून ऐकले आहे. मान डोलावणारी माणसे मांडवाबाहेर पडली की आपापल्या गटाच्या कट्ट्यावर जाऊन बसत. पण ज्या कामाला दोघांची गरज आहे असे काम समोर ठेवले, की बोलावे लागत नाही.

तरी माणसे आहेत म्हणजे भांडणे होणारच. संप्रदायाने ती नाकारली नाहीत. त्यांना जागा ठरवून दिली. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीचे शितोळे सरदार त्यांच्या पाठीशी उभे राहिले; आजही माउलींचे अश्व अंकलीहून आळंदीला चालत जातात. अंकली आमच्यापासून फार दूर नाही, म्हणून आमच्या भागाला त्याचा विशेष अभिमान. त्या सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाज आरती होते. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार आपला चोप उंच करतात आणि हजारो टाळ एकाएकी थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीतच राहते. त्या शांततेत तेवढाच आवाज येतो. चोपदार तेथे जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवले-सापडले त्याची वर्दी दिली जाते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती.

या क्रमाचा विचार करावा. लाखांचा समाज एका दिंडीच्या तक्रारीसाठी उभा राहतो. भांडण मिटवून या, मग आरतीला या, असे कोणी म्हणत नाही. भांडण ऐकणे हा आरतीचाच भाग आहे. गावात आपण उलट करतो. ज्याची तक्रार आहे त्याला सांगतो, आता देवाचे काम आहे, वाद नको. तो गप्प बसतो, पण टाळ त्याच्या मनात वाजत राहतो. पुढच्या वर्षी तो वेगळा मांडव घालतो. पारायणाच्या आधी आठ-पंधरा दिवस गाव देवळात बसते, वर्गणी ठरते, महाराज ठरतात. त्याच बैठकीत आधी एक गोष्ट व्हावी: कोणाचे काही दुखले आहे काय, हे विचारावे, आणि तो बोलत असताना बाकीच्यांनी टाळ थांबवावेत. सगळे दुखणे त्या रात्री मिटणार नाही. पण ऐकून घेतलेला माणूस बहुधा मांडव वेगळा घालत नाही.

येथे आणखी एक शंका येईल. गाव फुटलेले दिसते ते वरवरचे. संकट आले की सगळे एक होतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्याने महापूर पाहिला. पंचगंगेकाठची आणि शिरोळ तालुक्यातली गावे पाण्याखाली गेली. तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरले नव्हते अशा गावांतून भाकरी आणि चटणी बांधून गेली. भाकरी कोणत्या गटाच्या चुलीवरची, हे कोणी विचारले नाही. ही गोष्ट खरी आहे आणि आपल्या मातीची ती कमाई आहे. पण पूर ओसरला की ती एकीही ओसरते, हेही खरे. संकटातल्या एकीला फार साधना लागत नाही. पाणीच माणसाला माणसाकडे ढकलते. साधना लागते ती कोरड्या दिवसांत. म्हणून तर वारकऱ्याने एकदाच मोठी तपश्चर्या करून मोकळे व्हावे असे संतांनी सांगितले नाही. दरवर्षीची वारी, दर पंधरा दिवसांची एकादशी, रोजचा हरिपाठ सांगितला. ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही, ते आमच्या कोल्हापुरातून नंदवाळला चालत जातात. थोडे पण नेमाने, हा आपला मार्ग. गावालाही हाच नियम लागू आहे.

आता या विषयातला सर्वांत अवघड भाग. ज्याची पाळी आहे तो गावचा, असे म्हटले. मग ज्याला आपण पाळीच दिली नाही त्याचे काय?

चोखोबारायांचे चरित्र या प्रश्नाने भरलेले आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम निघाले. ज्यांना कुसाच्या आत राहण्याची मुभा नव्हती, त्यांनाच ते कूस बांधायला नेले होते. इ. स. १३३८ मध्ये ते कूस कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवराय तेथे गेले, ढिगाऱ्यातल्या अस्थींतून ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. हा प्रसंग कीर्तनात सांगताना श्रोत्यांचे डोळे भरतात. पण रडून झाल्यावर विचार करावा की गावाने चोखोबांकडून काम घेतले. पाळी दिली नाही. काम आणि पाळी यांत फरक आहे. काम करवून घेतलेल्या माणसापुढे कोणी वाकत नाही.

त्या समाधीच्या पुढच्या दाराची गोष्टही आपल्याच शतकांतली आहे. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. ते १० मे रोजी सुटले आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांना खुले झाले. त्याच्याही कितीतरी आधी गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली होती. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती दिली. गाडगेबाबा ज्या गावात जात तेथे आधी खराटा हाती घेत, आणि दिवसभर गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनाला येणारा माणूस सकाळी त्यांच्याबरोबर झाडायला आलेला असे. खराट्याची पाळी आधी, टाळाची नंतर.

आणि हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणू नये. आमच्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेलेल्या बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. करोनाच्या साथीत तरुण घरे उघडी पडली होती, त्या दुःखातून हा ठराव आला. त्यात मला दिसते ते असे की एका गावाने आपली यादी पुन्हा वाचली आणि एक नाव आपणच खोडत आलो हे त्याच्या ध्यानात आले. कालपर्यंत जी सप्ताहात कळशी घेऊन पुढे चालत होती, तिला नवरा गेल्यावर मागच्या ओळीत उभे करायचे, हा कोणता न्याय? मुक्ताई, जनाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे नाव घेतल्याशिवाय ज्यांचे भजन पुरे होत नाही, त्यांनी तरी हे करू नये. आज अनेक गावांत बाया पहारा देतात. जेथे देत नाहीत तेथे विचारून पाहावे; यादीतली निम्मी रिकामी जागा तेथेच भरेल.

बिद्रीच्या माणसाने आणखी एका नावाविषयी बोलले पाहिजे. दसरा-दिवाळी झाली की बीडहून आणि इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळावर कोप्या पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला आपण एक कोयता म्हणतो; मुकादमाच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. पहाटेच्या थंडीत त्या बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढतात. साखर आपण खातो, ती त्यांच्या हातून जाते. त्यांच्यात माळकरी पुष्कळ. भगवानबाबांच्या भगवानगडाला मानणारी ही माणसे, पाठीशी सप्ताहांची मोठी परंपरा असलेली. आणि ज्या महिन्यांत ती आपल्या माळावर असतात, त्याच महिन्यांत आपल्याकडे पारायणे होतात. कर्ण्यावरचे कीर्तन त्यांच्या कोपीपर्यंत ऐकू जाते. आमंत्रण जाते काय? कोठे कोठे महाप्रसादाचे जाते, ते चांगले आहे. पण पहाऱ्याचे?

कोणी म्हणेल, ती पाच महिन्यांची माणसे, गावची कशी? मग आपली दिंडी किती महिन्यांची असते? आळंदी ते पंढरपूर काही आठवड्यांची वाट. तेथे कोणीच गावचा नसतो. तरी तेवढ्या दिवसांत एकमेकांच्या पायाला तेल चोळणारी, आजाऱ्याचे ओझे उचलणारी वस्ती उभी राहते आणि आपण तिला समाज म्हणतो. मुक्काम किती दिवसांचा यावर समाज ठरत असता तर वारीइतका कच्चा समाज जगात दुसरा नसता. दिवसभर तोड करून दमलेल्या माणसाला रात्रीचा पहारा मागू नये, हे उघड आहे. पण ज्या दिवशी कारखान्याची तोड बंद असेल, त्या दिवशी दुपारचे दोन तास त्याच्या गळ्यात वीणा असावी, आणि त्याला सोडवायला जाणारा आपला बागायतदार त्याच्या पाया पडावा. त्या एका नमस्काराने कोयत्याचा माणूस होईल. कदाचित आपलाही होईल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते थोडक्यात सांगतो.

यादी दरवर्षी नवी लिहावी. गेल्या वर्षीच्या यादीवरून उतरून काढली की तीच ती नावे येतात आणि बाकीचे गाव प्रेक्षक होते. लिहायला बसताना सुरुवात देवळाजवळच्या आळीपासून करू नये. शेवटच्या वस्तीपासून करावी. म्हणजे जागा संपल्या म्हणून कोणी राहिलेच तर देवळाजवळचा राहील, आणि त्याला वाईट वाटले तर तो स्वतः मागायला येईल. लांबच्याला मागायला लाज वाटते.

ज्यांचे जमत नाही अशा दोन घरांची नावे मुद्दाम एकापाठोपाठ लिहावीत. एकाला सोडवायला दुसरा येईल. बोलले नाहीत तरी चालेल. पहाऱ्यात बोलायचे नसतेच. नमस्कार मात्र टळणार नाही.

तरुण पोरे येत नाहीत अशी तक्रार सर्वत्र आहे. कागलच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या भागातली पुष्कळ मुले कामाला आहेत, त्यांच्या शिफ्ट असतात. कीर्तनाच्या वेळी ती कामावर असतात म्हणून आपण त्यांना नास्तिक ठरवतो. सेकंड शिफ्ट सुटून रात्री घरी येणाऱ्या पोराला बाराचा पहारा द्यावा. तो जागाच असतो. मोबाइल पाहत जागण्यापेक्षा दोन तास वीणा घेऊन उभा राहील. आणि चहा करून देणारा एखादा आजोबा तेथे असला, तर दुसऱ्या रात्री मित्राला घेऊन येईल.

आणि शेवटी, पारायण संपले की यादी फेकून देऊ नये. ती देवळातच लावून ठेवावी. सात दिवस जी माणसे एकमेकांना सोडवायला आली, तीच माणसे वर्षभर आजाऱ्याला कोल्हापूरला दवाखान्यात नेण्यासाठी, एकट्या म्हातारीची विचारपूस करण्यासाठी, मयतीच्या घरी भाकरी पोहोचवण्यासाठी लागतात. वीणा खाली ठेवल्यावरही पाळी चालू राहिली, तर पारायण फळले असे समजावे. नाही तर ग्रंथ वाचून झाला, एवढेच.

ज्ञानेश्वरीच्या समाप्तीला माउलींनी जे मागितले त्यात स्वतःसाठी काही नव्हते. सगळ्या विश्वासाठी होते. विश्व फार मोठे आहे, आपल्या हाताला ते लागत नाही. आपल्या हाताला लागते ती २५२ नावांची यादी. तीत कोणाचे नाव राहून गेले आहे, एवढे या वर्षी प्रत्येक गावाने पाहावे, आणि राहिलेले नाव लिहून त्या घरी स्वतः सांगावा घेऊन जावे. फोनवर सांगू नये, चालत जावे. वारकऱ्याला चालणे नवे नाही.

॥ राम कृष्ण हरी ॥